मार्गशीर्षातील मोत्याचे पाऊल

मार्गशीर्ष लागला, अजिंठ्याच्या डोंगरावरून कोरडा वारा खाली उतरू लागला, की आमच्या घरात सर्वांना आपापल्या पायांची एकदम आठवण होते. वर्षातले आठ महिने ज्या टाचांकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही, त्यांच्यासाठी फडताळातून आमसुलाच्या तेलाचा गोळा बाहेर निघतो. तो पळीत वितळवून सासूबाई आधी स्वतःच्या भेगांत आणि मग नातवंडांच्या टाचांत भरतात. पुरुषमंडळी 'आम्हांस काही होत नाही' असे म्हणतात खरी, परंतु रात्री दिवे मालवल्यावर हळूच त्याच वाटीत बोट बुडवितात. माणसांच्या पायांची अशी बडदास्त चालू असता ओसरीच्या पायरीखाली गोणपाटावर पडलेल्या प्राण्यालाही चार पाय आहेत, त्या पायांना तळवे आहेत आणि त्या तळव्यांनाही हिवाळा आहे, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. 'तो काय, कुत्रा! देवानेच त्याला अनवाणी पाठविला आहे,' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. उत्तर अगदीच खोटे नाही. पण ते किती खरे आणि कोठवर खरे, हे गेल्या दोन हिवाळ्यांत आमच्या घरी जे घडले त्यावरून जरा तपशिलाने सांगावेसे वाटते.

आमचे घर जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील एका खेड्यात आहे. घर तसे भरलेले: सासूबाई, थोरले भावजी व जाऊबाई, आम्ही उभयता, धाकटे दीर, मुले आणि येणारे-जाणारे. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे कापूस, तूर, मका, आणि विहिरीच्या अंगाला मोसंबीची थोडी झाडे. मोत्या हा गावरान कुत्रा. अंगाने तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, कान अर्धे उभे आणि अर्धे पडलेले. तो कोणी आणलेला नाही. एका पावसाळ्यात आपण होऊन आला व आखाड्यावर राहिला. दिवसा भावजींबरोबर रानात, रात्री आमच्या ओसरीखाली, असा त्याचा नेम आहे. उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही आणि ओलांड असेही त्यास कोणी कधी म्हटले नाही. या व्यवस्थेत त्याला किंवा आम्हांस काही खटकत होते असे नाही.

आता त्या देवदत्त पायताणाविषयी. कुत्र्याच्या पंजाखाली चार बोटांच्या चार लहान गाद्या आणि मागे मधोमध एक मोठी, अशा पाच गाद्या जमिनीला टेकतात. पुढच्या पायांना मनगटामागे आणखी एक छोटी गादी असते. उतारावरून वेगाने येताना किंवा एकाएकी थांबताना तिचा उपयोग होतो. या गाद्यांवरची कातडी त्याच्या साऱ्या अंगावरच्या कातडीपेक्षा जाड व खरखरीत असते आणि तिच्याखाली चरबीचा थर असतो. 'कुत्र्याला घाम येत नाही' असे आपण म्हणतो, तेही पुरते खरे नव्हे. अंगावरच्या केसाळ कातडीतून त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पण तळव्यांतून येतो. भ्यालेला कुत्रा दवाखान्याच्या फरशीवरून चालला की त्याची ओली पावले मागे उमटतात, ती याच घामाची.

एवढा उघडा पाय गार जमिनीवर रात्रंदिवस टेकलेला असता कुत्रा गारठून का जात नाही, याचा उलगडा 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी संशोधनात वाचावयास मिळतो. हिरोयोशी निनोमिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या पंजातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा असे दिसून आले की, पायाकडे ऊन रक्त नेणाऱ्या धमन्या आणि पायाकडून गार रक्त परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी बिलगून असतात. खाली जाणारे ऊन रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब देत जाते. त्यामुळे थंड झालेले रक्त शरीरात शिरण्यापूर्वीच कोमट होते आणि अंगाची ऊब जमिनीत वाहून जात नाही. बंबाची ऊन नळी आणि हौदाची गार नळी एकमेकींना वेढा घालून बसविल्या तर जे होईल, तेच निसर्गाने पंजात करून ठेवले आहे. तेव्हा जालन्याची थंडी, मग ती पारा दहा अंशांच्या खाली नेणारी का असेना, एकट्याने धडधाकट कुत्र्याच्या पायाला काही करू शकत नाही. इतके मान्य केले पाहिजे.

बर्फाच्या देशांत मात्र ही व्यवस्थाही अपुरी पडते. जाऊबाईंचा थोरला मुलगा कॅनडात टोरांटोस असतो. त्याने पाठविलेल्या एका छायाचित्रात त्याचा कुत्रा चारही पायांत तांबडे बूट घालून बर्फात उभा होता. ते पाहून आमच्या घरी हसता हसता पुरेवाट झाली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता त्याला टोपी नि उपरणे द्या, म्हणजे वरातीत चालेल." पण पुतण्याने जे कळविले त्यात हसण्याजोगे काही नव्हते. तेथे रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ आणि मिठासारखे इतर क्षार पसरतात. ते बोटांच्या बेचक्यांत बसून कातडी भाजल्यासारखी लाल करतात; कुत्रा पाय चाटू लागला की तेच पोटात जातात. शिवाय बोटांमधल्या केसांत बर्फाचे खडे जमतात व प्रत्येक पावलागणिक टोचतात. म्हणून तेथील लोक बाहेर जाण्यापूर्वी तळव्यांना मेणाचा लेप देतात किंवा बूट घालतात, आणि परत आल्यावर कोमट पाण्याने पाय धुऊन पुसतात. अलास्कात 1973 सालापासून इडिटरॉड नावाची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत होते. सुमारे दीड हजार किलोमीटरची ती वाट आहे. तिच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे गाडीत किंवा पायांत असलेच पाहिजेत. ज्यांचा सारा व्यवहार कुत्र्याच्या पायांवर चालतो, त्यांनी केलेला हा नियम आहे; हौशी लोकांचा लाड नव्हे.

आमच्याकडे बर्फ नाही, रस्त्यावर मीठ नाही. तर मग आमच्या हिवाळ्यात कुत्र्याच्या पायाला कशाचे भय? प्रथम कोरडेपणाचे. मराठवाड्याची काळी जमीन पाऊस सरला की आटू लागते व तिला भेगा पडतात. त्याच वाऱ्याने गाद्यांनाही चिरा पडतात आणि चिरेत माती, खडे जाऊन बसतात. दुसरे भय धसकटांचे. बाजरी, मका, ज्वारी कापली की जमिनीबरोबर जे तिरपे खुंट राहतात, ते विळ्याच्या पात्यासारखे धारदार असतात. तूर कापल्यावरचे तर खिळ्यासारखे. बाभळीचा काटा आणि सराटा यांची ओळख तर अनवाणी चाललेल्या कोणासही करून देण्याची आवश्यकता नाही. शेकोटीचेही एक भय आहे, ते शहरातील वाचकांस ठाऊक नसेल. रात्री माणसे उठून गेल्यावर कुत्रे ऊब शोधीत त्या राखेत जाऊन निजते. वरची राख निवलेली असते, पण आत निखारा जिवंत असतो. आमच्या शेजारच्या आखाड्यावरील एका पिलाचा मागचा पाय असाच भाजला.

पण या सर्वांहून लबाड शत्रू म्हणजे कुसळ. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो. म्हणींत कुसळाला फारच हलके लेखिले आहे! बांधावर आणि माळावर उगवणारे कुसळी गवत कोवळे असते तोवर जनावरे आनंदाने खातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याला कुसळे धरतात आणि मग त्याला कोणी तोंड लावीत नाही. कुसळ म्हणजे त्या गवताचे बी. त्याचे टोक सुईसारखे असून टोकामागे उलट्या दिशेने वळलेले ताठ केस असतात, आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी असते. ही शेपटी दवाने भिजली की उलगडते, उन्हाने वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि या उलगडण्या-पिळण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. रात्री दव आणि दिवसा कोरडे ऊन, म्हणजे आमचा हिवाळाच त्याचा कारागीर! जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी काढली, तेव्हापासून हा लौकिक वाढतच गेला. पण मनुष्याच्या कोणत्याही मदतीवाचून स्वतःला पेरून घेणारे हे बियाणे त्यांच्याही आधीचे आहे. जमिनीऐवजी कुत्र्याच्या बोटांची बेचकी सापडली, तर ते तेथेही शिरते. शेपटी मोडून पडते आणि टोक आत राहते. कुत्र्याच्या प्रत्येक पावलाने ते पुढे ढकलले जाते. उलट्या केसांमुळे त्याला मागे येता येत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी खंडोबाच्या षड्रात्रात मोत्या पुढचा उजवा पाय वारंवार चाटू लागला. खंडोबा आमचे कुलदैवत. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस घट बसतो आणि चंपाषष्ठीस वांग्याचे भरीत व बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होऊन तळी भरली जाते. या सहा दिवसांत सासूबाईंचे सोवळे कडक असते. चाटण्याकडे प्रथम कोणी विशेष लक्ष दिले नाही, कारण चाटणे हा कुत्र्याचा धर्मच आहे. तिसऱ्या दिवशी तो लंगडू लागला. पाहतो तो मधल्या दोन बोटांमध्ये हरभऱ्याएवढी गाठ. भोवतालचे केस लाळेने तांबडे झालेले. भावजींनी हळद लावली, ती त्याने तत्परतेने चाटून टाकली. शेजारच्यांनी रॉकेल सांगितले, दुसऱ्याने चुना सांगितला. माझ्या जाऊबाई या कामी खंबीर आहेत. त्यांनी दोन्ही उपाय सांगणाऱ्यांना चहा पाजून वाटेस लावले.

त्याच सुमारास आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसविल्या होत्या. हिवाळ्यात मोकळ्या शेतात चार रात्री मेंढ्या बसल्या की खताची सोय होते, हे खेड्यातील वाचकांस ठाऊकच आहे. त्या कळपाबरोबर आलेले एक वृद्ध मामा आमच्या अंगणात धान्य घेण्यासाठी आले होते. मोत्याला त्यांनी दुरूनच पाहिले व म्हणाले, "ताई, कुसळ हाय ते. दिसायचं न्हाई. त्ये मागं येत नसतंय, फुडंच जातंय. दाबू नका." त्यांनी मोत्याच्या तोंडाला मऊ फडक्याचा सैल वेढा घातला आणि म्हणाले, "दुखण्यातलं जनावर धन्याला बी वळखत न्हाई." मग पंजा हातात घेऊन बोटे एकेक उघडून दाखविली. गाठीच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढे एक छिद्र होते, आणि त्यातून पाणी झिरपत होते. ऊन पाण्यात मीठ घालून पाय दहा-दहा मिनिटे बुडवा, आणि उशीर न करता डॉक्टरांस दाखवा, एवढे सांगून ते गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा संसार कुत्र्यांच्या भरवशावर रानात चालतो, त्यांच्या दृष्टीत जो जाणतेपणा असतो तो आम्हां पुस्तकी लोकांस सहजासहजी यावयाचा नाही.

ऊन पाणी कोणी करावे आणि पाय कोणी धरावा, हा प्रश्न पुढे आला. तो दिवस चंपाषष्ठीचा होता. स्वयंपाकघर सोवळ्यात, चुलीवर पुरणाचे पातेले, घरातील प्रत्येक बाईच्या हाताला काही ना काही काम. दुपारी तळी भरली, आरती झाली, आणि रिवाजाप्रमाणे कुत्र्याचा नैवेद्य काढून सासूबाई स्वतः ओसरीवर आल्या. देवघरातील टाकावर खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रा कोरलेला आहे. त्या कुत्र्याच्या नावाने हे पान दरसाल अंगणात वाढले जाते. एरवी पानाचा सुगावा लागताच उडी मारून येणारा मोत्या त्या दिवशी उठला, तीन पायांवर दोन पावले आला आणि पुन्हा बसला. सासूबाई पान हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्या मला म्हणाल्या, "अगं, टाकावरच्या कुत्र्याचे चारी पाय धड आहेत. हा इथं तीन पायांवर उभा असता मी कोणाला नैवेद्य दाखवू? बंबातलं ऊन पाणी काढ." मी म्हणाले, "आई, तुमचं सोवळं…" त्यावर त्या एवढेच बोलल्या, "पुन्हा अंघोळ करीन. पाणी काही संपलेलं नाही."

पायरीवर बसून त्यांनी मोत्याचे डोके मांडीशी धरले आणि मी त्याचा पंजा पितळेच्या जुन्या तपेलीत बुडविला. सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी माझ्या पंचवीस वर्षांच्या संसारात कुत्र्याला हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता. पाणी ऊन लागताच मोत्या दचकला, मग हळूहळू त्याने पाय सैल सोडला. देवाची मंडळी जेवणासाठी खोळंबली होती. पण त्या दिवशी कोणी 'पाने वाढा' म्हणून हाक मारली नाही.

आपल्या धर्मग्रंथांत कुत्र्याला जागा नाही, असे मात्र कोणी समजू नये. वैश्वदेवात श्याम आणि शबल या यमाच्या दोन कुत्र्यांसाठी बळी काढलेला असतो. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्रे असतात व ते चार वेद होत, असे सांगतात. महाभारताचा आरंभच सरमेच्या पिलाला झालेल्या मारहाणीच्या कथेने होतो. यज्ञातील हवि न चाटताही त्याला मार बसला, म्हणून ती देवांची कुत्री जनमेजयाला जाब विचारावयास येते. आणि शेवटी, महाप्रस्थानाच्या वाटेवर, द्रौपदी व चारही भाऊ पडले तरी एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागे हिमालय ओलांडून जातो. त्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसावयास धर्मराज नाकारतो. एवढ्या वाटेवर त्या कुत्र्याच्या पायांचे काय झाले असेल, याविषयी व्यासांचा एकही शब्द मला आढळला नाही. ग्रंथांतून आपण कुत्र्याला स्वर्गाच्या दारापर्यंत नेले. अंगणात मात्र त्याच्या पंजाला हात लावण्याचे काम गड्यामाणसांवर सोपविले. ही विसंगती सासूबाईंनी कोणताही ग्रंथ न उघडता सोडविली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोत्यास तालुक्याच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले की कुसळ हे गवतच असल्यामुळे साध्या क्ष-किरणांच्या चित्रात ते दिसत नाही, शोधावेच लागते. गुंगीचे औषध देऊन त्यांनी छिद्राच्या वाटेने चिमटा आत घातला. कुसळ शिरले होते बोटांच्या बेचक्यात आणि सापडले दीड इंच वर. बाहेर आले तेव्हा ते बोटाच्या अर्ध्या पेराएवढे, तपकिरी आणि अगदी निरुपद्रवी दिसत होते. आणखी आठवडा गेला असता तर ते कोठवर चढले असते हे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. काही कुत्र्यांत ते सबंध पायभर वाटा पाडीत जाते, जखम बाहेरून भरते व आतून पुन्हा पुन्हा पिकते.

जखमेची पट्टी सांभाळणे हे शस्त्रक्रियेपेक्षाही अवघड ठरले. पट्टी ओली झाली तर ती नसल्यापेक्षा वाईट. कारण ओलीखाली कातडी कुजते. म्हणून मोत्या बाहेर जाताना पट्टीवर दुधाची धुतलेली पिशवी चढवीत असू व आत येताच काढून टाकीत असू. ती बांधण्यास कापडाची पट्टी वापरावी, रबराचे कडे कदापि वापरू नये. ते पायात रुतून रक्त अडविते आणि केसांखाली दिसतही नाही. चाटू नये म्हणून धाकट्या दिरांनी एका जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, काठ फडक्याने गुंडाळून ती त्याच्या गळ्यात घातली. तीन दिवस मोत्या त्या बादलीसह घरातील प्रत्येक खांबाला जाऊन धडकत होता. चौथ्या दिवशी त्याला अंतराचा अंदाज आला. मग तो बादलीने दार ढकलू लागला.

पुढच्या वर्षी पुतण्याने मोत्यासाठीही चार बूट पाठविले. ते घालताच मोत्या असा चालू लागला की जणू प्रत्येक पावलाखाली तापलेला तवा आहे. दोन बूट त्याने अंगणातच झटकून टाकले, तिसरा मेंढ्यांच्या वाटेवर हरवला. बुटांना मी नावे ठेवीत नाही. जखमी पायाला धसकटांतून न्यावयाचे असेल तर घटकाभर त्यांचा उपयोग आहे. परंतु धडधाकट पाय बुटात कोंडून ठेवला तर तळव्याचा घाम आत मुरतो, बोटांची जमिनीवरची पकड जाते, आणि आत शिरलेला खडा कोणास कळत नाही. आमच्या हवेत बुटापेक्षा डोळा बरा, असे माझे मत झाले आहे.

तो डोळा आता आमच्या घरी रोज दिवेलागणीस उघडतो. शेतातून मोत्या आला की ओसरीवर चारही पाय कोमट पाण्याने धुवावयाचे आणि फडक्याने पुसावयाचे. विशेषतः बोटांची बेचकी कोरडी झाली पाहिजे. नंतर प्रत्येक बेचकी उघडून पाहावयाची: लाली, गाठ, चीर, दुर्गंधी, किंवा एकाच जागी केसांचा तांबडा रंग. सराटा दिसला तर तेथेच चिमट्याने सरळ ओढावा. खोल गेलेले काही मात्र घरी उकरू नये. बोटांमधले लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने कमी करावेत, कारण कुसळ प्रथम केसांतच अडकते. नखे फरशीवर वाजू लागली की ती वाढली असे समजावे. वाढलेल्या नखाने पंजा फाकतो व गादीच्या कडेवर भार येतो. तळव्याला भेगा असतील तर निजण्यापूर्वी खोबरेल किंवा आमसुलाचे तेल अगदी बोटावर घेण्याइतके चोळावे. अधिक लावल्यास ते पायाला न लागता पोटात जाते. भेगेतून रक्त येत असेल तर तेल पुरे नव्हे, डॉक्टर पाहिजे.

घरातील बाटल्यांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. फिनेल, रॉकेल, चुना आणि डांबराच्या गोळ्या यांपैकी काहीही जखमेवर जाता कामा नये. फिनेलने पुसलेली ओसरी वाळेपर्यंत त्यावर कुत्र्यास बसू देऊ नये. आपल्या दुखण्यावरच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे, कळवळ्यापोटी त्याला देणारी माणसे मी पाहिली आहेत. माणसाला साधी वाटणारी ती गोळी कुत्र्याचे यकृत, जठर किंवा मूत्रपिंड बिघडविते, प्राणही घेते. आणि पायाला हात लावण्यापूर्वी कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी टोचलेली आहे ना, हे पाहावे. तरीही दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. यात हळद, मिरची, अंगारा यांचे काही काम नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी येथे मुलांचे न ऐकता हट्ट धरू नये.

मोत्याचे अंथरूणही बदलले. शहाबादी फरशी हिवाळ्यात रात्रभर गार असते व म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे तिने धरतात. म्हणून आता पायरीखाली लाकडी फळी आणि तिच्यावर दुहेरी गोणपाट असते. अंगणातील शेकोटीवर निजावयास जाताना तांब्याभर पाणी ओतण्याचे काम धाकट्या नातवाकडे आहे. तो ते अतिशय गंभीरपणे करतो. एकदा मंडळी शेकत बसली असतानाच त्याने पाणी ओतले.

पाय पाहण्याच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या आहेत. सोमवार-मंगळवार माझ्याकडे, पुढचे दोन दिवस जाऊबाईंकडे, मुलांना सुट्टी असेल तेव्हा मुलांकडे. शुक्रवारची पाळी सासूबाईंनी मागून घेतली. त्या स्वतः पाय धूत नाहीत. खुर्चीवर बसतात, चष्मा लावतात आणि धाकट्या सुनेला 'तिसरं बोट नीट उघड' असे सांगतात. मोत्यालाही या रिवाजाची इतकी सवय झाली आहे की तपेलीचा आवाज आला की तो आपण होऊन उजवा पाय पुढे करतो, मग तो कोणताही पाय मागितलेला असो.

यंदा भावजींनी आणखी एक गोष्ट केली. आमच्या बांधावरचे कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वीच, घटस्थापनेच्या आधी, कापून गुरांना घातले. गुरे तृप्त झाली आणि बांध स्वच्छ झाला. शेजाऱ्यांच्या बांधावरचे मात्र अजून कमरेइतके उभे आहे. त्यांना दोनदा सांगून झाले. तिसऱ्यांदा भावजी विळा घेऊनच जाणार आहेत. तोवर मोत्याला शेतातून आणताना विहिरीच्या अंगाने फेरा घालून आणतो, कारण बांध कोणाचा हे त्याला अजून कळत नाही.